शुद्धिपत्र वाचणार कोण ?

जुन्या मराठी ग्रंथांच्या अखेरीस शुद्धिपत्र असे. पृष्ठ, ओळ, अशुद्ध, शुद्ध असे चार रकाने. ग्रंथकाराच्या प्रामाणिकपणाची ती साक्षच. परंतु त्यांतील दुरुस्त्या मूळ पानावर उतरवून मगच वाचनास बसणारा वाचक विरळा. हा आळस पुस्तकापुरता होता तोंवर हानि थोडी होती. आतां तो घरच्या पैशापर्यंत येऊन ठेपला आहे, म्हणून आज हा विषय घेतला.

बँक, तहसील कचेरी, रेल्वेचें आरक्षण, या सर्वांच्या मुळाशीं हल्लीं 'सर्व्हर' नांवाचे संगणक असतात. त्यांची देखरेखही बऱ्याच अंशीं सॉफ्टवेअरच करतें. अशा सॉफ्टवेअरचे कर्ते वेळोवेळीं एक सूचनापत्र काढतात : अमुक दोष आम्हांस आढळला आहे, त्याची कायमची दुरुस्ती अमुक आवृत्तींत केली आहे, ती बसवीपर्यंत अमुक तोडगा करावा. हें शुद्धिपत्रच होय.

'जेन्किन्स' हें असेंच एक सॉफ्टवेअर. नव्या प्रणाली जुळविणें, तपासणें आणि सर्व्हरवर पोंचविणें हीं कामें तें आपोआप करतें. २४ जानेवारी २०२४ रोजीं त्याच्या कर्त्यांनीं एक गंभीर दोष प्रसिद्ध केला. जेन्किन्सला दिलेल्या आज्ञेंत '@' हें चिन्ह व त्यापुढें एखाद्या फाइलचें नांव आलें, कीं त्या जागीं त्या फाइलींतील मजकूर येत असे. व्याकरणांत स्थानीच्या जागीं आदेश येतो, तसाच हा प्रकार. लांबलचक आज्ञा पुन्हा पुन्हा लिहाव्या लागूं नयेत, एवढाच या सोयीचा हेतु. परंतु अनोळखी मनुष्यासही या वाटेनें सर्व्हरवरील फाइलींच्या पहिल्या कांहीं ओळी वाचतां येत. तर्कशास्त्रांत यास अतिव्याप्ति म्हणतात : नियम जेथें लागूं नये तेथें लागला.

सूचनापत्रांत दुरुस्त आवृत्तीचा क्रमांक होता, २.४४२. ती लगेच बसविणें ज्यांस शक्य नसेल त्यांच्यासाठीं तोडगाही होता : आज्ञा स्वीकारणारें तें दारच बंद ठेवावें. त्याकरितां जेन्किन्स बंद करून पुन्हा सुरू करण्याचीही आवश्यकता नव्हती.

पुढें काय झालें ? ३१ जुलै २०२४ रोजीं सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीवरील खंडणीखोर हल्ल्याची वार्ता बाहेर आली. स्टेट बँक व टाटा कन्सल्टन्सी यांची ही संयुक्त कंपनी सहकारी व ग्रामीण बँकांना संगणकसेवा पुरविते. रोग पसरूं नये म्हणून नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशननें तिला आपल्या जाळ्यांतून तात्पुरतें अलग केलें. सुमारें ३०० लहान बँकांचे देयकव्यवहार अडले, आणि तेही पगार व निवृत्तिवेतन जमा होण्याच्या ऐन महिनाअखेरीस. १ ऑगस्टला जोडणी पूर्ववत् झाली. 'क्लाउडसेक' या संस्थेच्या विश्लेषणानुसार या हल्ल्याचा शिरकाव एका सहयोगी कंपनीच्या, नीट बंदोबस्त न केलेल्या, जेन्किन्स सर्व्हरमधून आणि याच प्रसिद्ध दोषाच्या द्वारें झाला. सूचनापत्र निघाल्यापासून तोंवर १८९ दिवस लोटले होते.

आमच्या सोलापुरांत चादरीच्या मागावर धागा तुटला, तर विणकर माग थांबवून गांठ मारतो. तोडगा म्हणजे अशी गांठ. ती कोणाचें तरी लक्ष असेल तरच पडते. शिवाय प्रत्येक दोषास गांठ मारतां येतेच असें नाहीं. हेवलेट पॅकार्ड एंटरप्राइझ या कंपनीनें नोव्हेंबर २०१९ मध्यें जाहीर केलें, कीं सर्व्हरमधील तिच्या कांहीं साठवणतबकड्या ३२,७६८ तास चालल्यावर, म्हणजे ३ वर्षें २७० दिवस ८ तासांनीं, कायमच्या निकामी होतील व त्यांतील माहिती परत मिळणार नाहीं. (हा आंकडा दोनाचा पंधरावा घात आहे, घरांतील मुलांनीं गुणाकार करून पाहावा.) एकाच दिवशीं बसविलेल्या तबकड्या जवळजवळ एकाच वेळीं जाणार, म्हणजे शेजारच्या तबकडीवर ठेवलेल्या प्रतीचाही उपयोग नाहीं. येथें उपाय एकच : वेळेपूर्वीं दुरुस्ती.

दोष जाहीर करणें हा कमीपणा नव्हे. पाणिनीच्या सूत्रांत काय सांगितलें, काय राहिलें, काय नीट सांगितलें गेलें नाहीं, याचा विचार कात्यायनानें वार्तिकांत केला. पाणिनीची थोरवी त्यानें उणावली नाहीं. मात्र तीं वार्तिकें पतंजलीनें एकेक करून तोलून पाहिलीं. लिहिणारा होता तसा वाचणाराही होता. जेन्किन्सच्या कर्त्यांनीं लिहिण्याचें कर्तव्य केलें. उणीव वाचणाऱ्याची पडली.

यांत आपण गृहस्थांनीं काय करावें ? आपल्यापैकीं अनेक जण सहकारी बँकेचे सभासद आहेत. आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांच्या आंत बँकेची वार्षिक सर्वसाधारण सभा भरते. तेथें लाभांशाबरोबरच एक प्रश्न विचारावा : आपल्या व आपणांस सेवा पुरविणाऱ्या कंपन्यांच्या सर्व्हरसंबंधीं दोषसूचना कोण वाचतो, आणि तिच्यावर किती दिवसांत कृति होते ? उत्तरांत मनुष्याचा हुद्दा व दिवसांची संख्या नसेल, तर तें उत्तर नव्हे.

घरींही हाच नेम असावा. दूरध्वनी व संगणक यांच्या दुरुस्त आवृत्त्या बसविण्याचें काम 'सर्वांचें' न ठेवतां एका नातवास वा सुनेस नेमून द्यावें, आणि त्यासाठीं महिन्यांतील एक दिवस ठरवावा. चार दिवसांच्या खर्चापुरती रोकड व महत्त्वाच्या कागदांच्या प्रती कपाटांत असाव्या. सर्व्हर बंद पडल्या दिवशीं दूधवाल्याचे पैसे तरी अडणार नाहींत.