तिसऱ्या तारेची तरफदारी

मॉड्यूलर सिंथेसायझर हे वाद्य तयार स्वरूपात घरी येत नाही. स्वर उत्पन्न करणारा ऑसिलेटर, त्याला गाळणारा फिल्टर, त्याचे चढउतार राखणारा एन्व्हलप असे एकेक मॉड्यूल पारखून, ते पेटीत बसवून आणि तारांनी परस्परांशी जोडून वादक आपले वाद्य स्वतःच रचतो. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग कंपनीचे असे वाद्य उभारले, तेव्हा ते बाळगणे एखाद्या संस्थेलाच परवडणारे होते; पुढे १९९० च्या दशकात डीटर डोप्फर या जर्मन निर्मात्याने रूढ केलेल्या युरोरॅक या आटोपशीर मापामुळे ते एकट्या हौशी माणसाच्या आवाक्यात आले. हे स्वातंत्र्य अभिनंदनीय आहे. परंतु पेटीला वीज पुरवण्याची जी जबाबदारी एरवी कारखान्यातील तंत्रज्ञ वाहतो, ती या स्वातंत्र्याबरोबर वादकाच्या शिरावर आली आहे, आणि तिचे रीतसर शिक्षण मात्र त्याला कोणी दिलेले नाही.

पेटीच्या आत वीज दोन निरनिराळ्या रूपांत नांदते, हा भेद प्रथम ध्यानी घेतला पाहिजे. मॉड्यूलना लागतो तो अधिक १२ आणि उणे १२ व्होल्टचा सौम्य पुरवठा. त्याची चपटी केबल उलटी जोडली गेली, म्हणजे तिच्या कडेची उणे १२ व्होल्ट दर्शविणारी लाल रेघ भलत्या बाजूस आली, तर मॉड्यूल जळते, पण जीवितास सहसा बाधा येत नाही. जेथे हा सौम्य पुरवठा तयार होतो, तेथे मात्र भिंतीतून येणारी २३० व्होल्टची वीज खेळत असते. स्विचिंग पद्धतीच्या पुरवठ्यातील कपॅसिटरमध्ये तर सुमारे ३२५ व्होल्टचा दाब साठतो आणि प्लग काढल्यानंतरही काही काळ तो तेथे टिकू शकतो. उघड्या टर्मिनलांचा असा पुरवठा लाकडी पेटीत चार स्क्रूंनी बसवून त्यावर मागची फळी ठोकून मोकळे होणे, हा आपल्याबरोबर घरातील मुलाबाळांच्याही जिवाशी केलेला व्यवहार आहे.

याहूनही घातक, आणि दुर्दैवाने वादकांत उपाय म्हणून सांगितली जाणारी गोष्ट म्हणजे अर्थिंग तोडणे. दोन उपकरणे जोडली की स्पीकरमधून घरघर येते, प्लगची तिसरी, म्हणजे अर्थिंगची, पिन काढली की ती थांबते, आणि एवढ्या अनुभवावर तिसरी तार निरुपयोगी ठरवली जाते. वास्तविक फेजची तार सुटून धातूला टेकली, तर प्रवाहाला जमिनीकडे वाट देऊन तत्क्षणी फ्यूज उडवणे किंवा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) पाडणे हे त्या तारेचेच काम आहे. ती नसेल तर पेटीचे पॅनेल, जॅक आणि त्यांना जोडलेल्या केबलींची धातूची टोके २३० व्होल्टवर जाऊन मुकाट राहतात, आणि वादकाचा दुसरा हात मायक्रोफोनवर किंवा ॲम्प्लिफायरवर पडताच प्रवाह त्याच्या छातीतून वाट काढतो. ३ मे १९७२ रोजी वेल्समधील स्वान्झी येथे लेस हार्वे हा गिटारवादक अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनच्या स्पर्शाने रंगमंचावरच मरण पावला. १९७६ च्या मे महिन्यात यार्डबर्ड्स या बँडचा माजी गायक कीथ रेल्फ अर्थिंगच्या दोषामुळेच स्वतःच्या घरी गिटार वाजवताना दगावला.

घरघर असह्य असते, ही वादकाची तक्रार रास्त आहे, आणि तिचे निवारणही आहे. सर्व उपकरणे एकाच स्विचबोर्डावरून चालवावीत, शक्य तेथे बॅलन्स्ड केबल वापरावी, आणि तरीही घरघर उरली तर ध्वनीच्या मार्गात आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घालावा. दोष ध्वनीच्या मार्गात असता त्याची शिक्षा संरक्षक तारेला देणे न्याय्य नव्हे. शिवाय आपल्याकडील जुन्या चाळींत आणि वाड्यांत सॉकेटला तिसरे छिद्र असते, पण त्यामागे तार असेलच असे नाही. म्हणून परवानाधारक वायरमनकडून अर्थिंगची तपासणी करवून घेतल्यावाचून आणि ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी बसवल्यावाचून पेटीला वीज जोडू नये.

माझे स्पष्ट मत असे की, हौशी रचनाकाराने २३० व्होल्टला पेटीत प्रवेशच देऊ नये. भारतीय मानक ब्यूरोच्या नोंदणीचे चिन्ह असलेला बंदिस्त ॲडॅप्टर बाहेर ठेवावा, आणि केवळ सौम्य वीज आत न्यावी. असा ॲडॅप्टर दोन पिनांचा असला, तरी त्याच्या आत दुहेरी रोधनाची तरतूद असते. तिसऱ्या तारेवाचून चालण्याची ही सवलत उघड्या पुरवठ्याला लागू होत नाही. सर्व मॉड्यूलांच्या मिलिअँपिअरची बेरीज करून पुरवठ्याची क्षमता तिच्यापेक्षा निदान एकचतुर्थांशाने अधिक राखावी. आणि पुरवठा आत घेणे अटळच असेल, तर फेजवर योग्य क्षमतेचा फ्यूज, पुरवठ्यावर धातूचे झाकण, ते झाकण व पेटीच्या पट्ट्या अर्थिंगला पक्क्या जोडलेल्या, आणि आत येणारी केबल ओढली तरी सुटणार नाही असा बंदोबस्त, एवढे सारे तज्ज्ञाच्या नजरेखाली झाले पाहिजे.

या वाद्याच्या कार्यशाळा घेणाऱ्यांनी पहिला तास ऑसिलेटरला न देता वीजपुरवठ्याला द्यावा, आणि कार्यक्रमांच्या आयोजकांनी पिन मोडलेला प्लग रंगमंचावर चालणार नाही अशी सक्त ताकीद द्यावी. वादकाला कलेत वाटेल तो प्रयोग करण्याची मुभा असावी. अर्थिंगच्या बाबतीत मात्र ती कोणालाही असू नये.