‘एमआरआय नॉर्मल’ आला, पुढे काय?



‘एमआरआय नॉर्मल आहे, वयोमानाने होतं असं,’ या एका वाक्यावर आमची दोन वर्षं गेली. स्मृतिभ्रंशावरच्या आपल्या लेखात निदानासाठी एमआरआयचाच तेवढा उल्लेख आहे, म्हणून हे पत्र.

माझ्या वडिलांना, म्हणजे नानांना, उंबऱ्यावर तीन मुलं बसलेली दिसत. ‘पोरांना चिवडा दे गं,’ असं ते आईला सांगत, तेही अगदी शांतपणे. त्याआधी कितीतरी वर्षं ते झोपेत ओरडत, लाथा झाडत. आईने शेवटी वेगळी खाट टाकली. यातलं डॉक्टरांनी काही विचारलं नाही आणि आम्हालाही सांगावंसं वाटलं नाही. एका रात्री ते फारच बिथरले, तेव्हा रुग्णालयात हॅलोपेरिडॉलचं इंजेक्शन दिलं गेलं. सकाळी अंग लाकडासारखं ताठ. पेजेचा घोटही गिळता येईना.

हा लेवी बॉडी डिमेन्शिया होता. त्यात अशी औषधं जिवावर बेतू शकतात, निदान लवकर हवं ते यासाठी. अल्झायमरमध्ये स्मरणाशी निगडित हिप्पोकॅम्पस लवकर आक्रसतो. यात तो तुलनेने शाबूत राहतो. म्हणजे अशी लक्षणं असताना एमआरआय चांगला येणं, हीच एक खूण! २०१७ च्या आंतरराष्ट्रीय निकषांत ती नोंदलेली आहे, आणि डोपामाइन वाहकाच्या स्कॅनला तिच्याहून वरचं स्थान आहे. आपल्याकडे हा तपास ट्रोडॅट स्कॅन म्हणून होतो. निरोगी मेंदूत दोन ठसठशीत स्वल्पविराम दिसतात. नानांच्या चित्रात दोन ठिपके उरले होते.

प्रत्येक विसराळू आजोबांना स्कॅनला पाठवा, असं माझं म्हणणं नाही. पार्किन्सन्समध्येही तो बिघडलेलाच येतो. शिवाय २००७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या आजाराची दाट शक्यता असलेल्यांपैकी सुमारे ७८ टक्केच त्याने पकडले, म्हणजे तो चांगला आला तरी निर्धास्त होता येत नाही. पण झोपेत काय होतं आणि नसलेलं काही दिसतं का, हे दोन प्रश्न घरच्यांना विचारल्याशिवाय कुठल्याच स्कॅनला अर्थ नाही. उत्तर ‘हो’ आलं, तर एमआरआयवर फाइल मिटू नये. आणि स्कॅनची तारीख मिळेपर्यंतही थांबू नये. केसपेपरवर त्याच दिवशी लिहावं, हॅलोपेरिडॉल देऊ नये. नानांच्या फाइलवर ते आता आईने लाल शाईने, स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवलंय.

– एक वाचक, सातारा