एकाच दुकानातला खेळ

तानसेन समारोहाच्या निमित्तानं गेल्या डिसेंबरात ग्वाल्हेरला ताईकडे राहून आले. लष्कर भागातलं जुनं मराठी घर, बोलण्यात निम्मी हिंदी. आपल्याकडे कन्नड मिसळतं तशीच. भाचा आता नोकरीला लागलाय. रात्री गजक खाता खाता त्यानं २०१९ सालचा आपला रुसवा सांगितला, तो तुम्हालाही सांगते.

तेव्हा तो अकरावीत होता. कॉम्प्युटरवरचे खेळ आता डब्यातून येत नाहीत, इंटरनेटवरच्या दुकानातून उतरवून घ्यायचे असतात. सगळ्यात मोठं दुकान 'स्टीम', २००३ पासूनचं. भावोजींनी एकदा तिथं कार्ड वापरू दिलं आणि बजावलं, "एका दुकानात दिलं तेवढं पुरे. दुसरीकडे द्यायचं नाही." पोरानं वर्षभर पैसे साठवले 'मेट्रो एक्झोडस'साठी. अणुयुद्धानंतरच्या रशियातली आगगाडीची गोष्ट. परीक्षा झाली की घेऊ, म्हणून थांबला आणि तिथंच फसला. जानेवारी २०१९ मध्ये, खेळ यायला जेमतेम तीन आठवडे उरले असताना, तो स्टीमवरून उठून 'एपिक' नावाच्या नव्या दुकानात गेला. ज्यांनी आधीच पैसे भरले होते त्यांना स्टीमवर मिळाला. बाकीच्यांनी एपिकवर घ्यायचा, नाहीतर वर्षभर वाट बघायची. त्याच्या दोन मित्रांनी आधीच घेतला होता. ते रोज शाळेत त्याच्यासमोर गोष्टी सांगत. ताई म्हणते, महिनाभर जेवणावर लक्ष नव्हतं.

मला आधी वाटलं, एपिकवाल्यांनी दांडगाई केली. पण हिशेब बघितला तर तितकं सोपं नाही. स्टीम खेळ करणाऱ्याकडून शंभरातले तीस घेई. फार मोठ्या विक्रीवर पंचवीस-वीस असं २०१८ च्या अखेरीस ठरवलं, पण ते बड्यांसाठी. डिसेंबर २०१८ मध्ये निघालेलं एपिक बारा घेत होतं. खेळ करणाऱ्याच्या घरात जास्त पैसे जाणार, यात वाईट काय? पण स्वस्त दलालीवर एपिकला भरवसा नव्हता. वर्षभर दुसरीकडे विकू नका म्हणून तो आगाऊ रकमा देई. 'कंट्रोल' नावाच्या खेळासाठी सुमारे ९५ लाख युरो दिल्याचं इटलीतल्या प्रकाशकाच्या हिशेबातून बाहेर आलं. गिऱ्हाइकाला काय मिळालं? आणखी एक खातं, आणखी एक पासवर्ड.

आपल्या पुण्यातल्या नॉडिंग हेड्स मंडळींचा 'राजी'सुद्धा २०२० च्या ऑगस्टमध्ये आधी फक्त निन्टेंडोच्या यंत्रावर आला, कॉम्प्युटरवर ऑक्टोबरात. लोकवर्गणीचा प्रयत्न फसलेल्या लहान मंडळींनी असा करार केला तर मी तरी त्यांना बोल लावणार नाही. बड्यांचं मात्र पटत नाही.

भावोजी गाण्यातले. ते म्हणाले, "ग्वाल्हेरला हे नवं नाही." बडे महंमद खाँची तान बाहेर जाऊ नये म्हणून केवढी राखण, आणि हद्दू-हस्सू खाँनी ती पडद्याआड बसून उचलली, असं इथं सांगतात. पुढं आपल्या भागातले बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर इथं येऊन वासुदेवबुवा जोशींकडे शिकले, तेव्हा कुठं हा ख्याल आपल्याकडे आला. मी म्हटलं, "बुवांना गुरूच्या घरी राबावं लागलं, ह्याला नुसतं कार्ड हवं होतं." त्यावर भावोजी गप्प.

फेब्रुवारी २०२० मध्ये खेळ स्टीमवर परतला. त्यानं त्याच दिवशी घेतला आणि पुढच्या महिन्यात लॉकडाऊन लागलं, म्हणजे खेळायला वेळच वेळ. मग मे महिन्यात एपिकनं 'जीटीए ५' फुकट वाटला. आमच्या स्वाभिमानी वीरानं गुपचूप तिथं खातं उघडलं!

"आणि बाबांचा हुकूम?" मी विचारलं.

"मावशी, फुकट होता गं. कार्ड कुठं दिलं?"

आतून भावोजी खाकरले. सहा वर्षं हे त्यांना माहीतच नव्हतं.