निर्मात्याचे नाव

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीचा जमाखर्च मांडणाऱ्या मनुष्यास हे निराळे सांगावे लागत नाही की, बियाणे, खत आणि निंदणाची मजुरी यांचे पैसे आधी जातात आणि पाऊस मागाहून येतो, आला तर. परंतु तोच मनुष्य चित्रपटगृहातून बाहेर पडताना नटाचे नाव घेतो, फार तर दिग्दर्शकाचे, आणि ज्याने आधी पदरमोड केली त्या निर्मात्यास साफ विसरतो. 'गाभ्रीचा पाऊस' हा २००९ चा चित्रपट तर विदर्भातील शेतकऱ्याचाच. त्याचे दिग्दर्शक सतीश मनवर आमच्याकडे पुष्कळांस ठाऊक, निर्माते प्रशांत पेठे किती जणांस?

निर्माता म्हणजे केवळ सावकार, हा समज मला अन्यायाचा वाटतो. स्मिता तळवलकर यांचेच पाहा. दूरदर्शनवर सतरा वर्षे बातम्या वाचलेल्या या बाईंनी 'अस्मिता चित्र' ही संस्था काढली, आणि त्यांच्या 'कळत नकळत'ला १९८९ चा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. विनोदी चित्रपटांचा बाजार तेजीत असताना, बालपणीच बुद्धीची वाढ खुंटलेल्या प्रौढाची कथा त्यांनी 'चौकट राजा'साठी निवडली, नंदू म्हणून दिलीप प्रभावळकरांना उभे केले, आणि त्या बाजाराचा हुकमी एक्का जे अशोक सराफ, त्यांनाही घेतले ते नंदूच्या पाठीशी उभ्या राहणाऱ्या गणाच्या भूमिकेत! पुढे 'तू तिथे मी'त तर नायक-नायिका म्हणून त्यांनी उतारवयातील जोडपेच पुढे आणले, आणि पुन्हा राष्ट्रीय पुरस्कार मिळविला. ही निवड पैशाची नव्हे, दृष्टीची. आणि दृष्टी ज्याची, त्याचा कर्तेपणात हिस्सा मानावयास आपण का कचरतो, हे मला उमगत नाही.

'राऊ', 'पेशवाई' या त्यांच्या मालिकाही गाजल्या; पण आमच्या गल्लीत खरी सत्ता चालली ती 'अवंतिका'ची. भारनियमनाचे ते दिवस. ऐन भागाच्या वेळी वीज गेली की दुसऱ्या दिवशी सकाळी पलीकडच्या फीडरवरच्या बाईला नळावर गाठून "काय झालं वो काल?" अशी रीतसर जबानी घेतली जाई, आणि अवंतिकेच्या नवऱ्याचा उद्धार बादली भरेपर्यंत चाले. तळवलकर बाई ६ ऑगस्ट २०१४ रोजी निवर्तल्या, तेव्हा नळावरच्या या बायांतल्या एकीला मी ती बातमी सांगितली. "कोण त्या?" तिने विचारले. मालिकेच्या आरंभी नावे सरकत, तेव्हा ती भाताचा कुकर उतरवीत असे.