कुंडीला पाणी मारायचे दिवस

नव्या घरात राहायला जाणाऱ्यांना सिमेंटची कुंडी द्यावी, आणि ती आपल्या हातानं ओतलेली असावी, असं माझं ठाम मत आहे. बांधकामाच्या साइटवर सुपरवायझर म्हणून माझं आयुष्य गेलं. वास्तुशांतीला येणारे पुष्पगुच्छ प्लास्टिकच्या कागदासकट तिसऱ्या दिवशी कचऱ्यात जाताना मी पुष्कळ पाहिले आहेत. चांगली ओतलेली कुंडी मात्र त्या घरात वर्षानुवर्षं राहते.

पण ‘चांगली ओतलेली’ हे महत्त्वाचं. हल्ली शहरांत कुंड्यांच्या कार्यशाळा भरतात. दोन तासांत माल ओतायचा, दुसऱ्या दिवशी साचा काढून रंग द्यायचा आणि संध्याकाळी कुंडी भेट म्हणून द्यायची. लोक हौसेनं हात मळवून घेतात याचा मला आनंद आहे. ही घाई मात्र सिमेंटला मानवत नाही. सिमेंट वाळून घट्ट होत नाही. पाण्याशी त्याची रासायनिक क्रिया होते म्हणून ते घट्ट होतं, आणि पाणी आटलं की ती क्रिया मंदावत थांबते. आपल्याकडच्या काँक्रीटच्या मानकात, आयएस ४५६ मध्ये, साध्या सिमेंटला किमान ७ दिवस आणि राखमिश्रित सिमेंटला किमान १० दिवस पाणी मारायला सांगितलं आहे. इमारतीला लागू असलेला हा नियम कुंडीनंही पाळायला काय हरकत आहे?

भाचीनं डोंबिवलीत घर घेतलं तेव्हा तिच्यासाठी कुंडी केली. तेलाचा पाच लिटरचा कॅन वीतभर उंचीवर कापला, त्याला आतून तेलाचा हात फिरवला. आतल्या पोकळीसाठी दह्याचा डबा घेतला, त्यालाही बाहेरून तेल लावलं. एक भाग सिमेंट, तीन भाग चाळलेली वाळू, आणि पाणी मूठ वळण्यापुरतं. जास्त पाण्यानं माल ओतायला सोपा जातो, पण कुंडी कच्ची राहते. भिंत बोटभर जाड ठेवली आणि मधोमध प्लास्टरची चिकन मेश जाळी घातली. तळाला पाइपचा तुकडा उभा करून पाणी निघायला भोक ठेवलं. माल भरताना कॅन बाहेरून ठोकत राहिलो, म्हणजे हवेचे बुडबुडे वर येतात. एवढ्याशा कुंडीचं वजन चार-साडेचार किलो भरलं.

माल कालवताना रबरी हातमोजे घालाच. ओलं सिमेंट कातडी जाळतं. साइटवर उघड्या हातांनी माल भरणाऱ्या बायकांच्या बोटांना पडलेल्या जखमा मी पाहिल्या आहेत, आणि त्यांना हातमोजे द्यायला ठेकेदारांना आजही जड जातं, याचा मला राग आहे.

साचा काढला की खरं काम सुरू होतं. कुंडीवर गोणपाट गुंडाळायचं आणि ते सकाळ-संध्याकाळ भिजवायचं. त्यानंतर ती बादलीत बुडवून ठेवायची आणि पाणी बदलत राहायचं, कारण नव्या सिमेंटमधून निघणारा चुना मुळांना बाधतो. भाचीनं फोनवर विचारलं, ‘‘मामा, एवढ्याशा कुंडीला महिना?’’ होय, महिनाच. रोज तिच्या घराची आठवण काढून पाणी मारलं, ते दिवसच मला तिला द्यायचे होते. पैसे टाकून तयार कुंडी कुणीही आणू शकतं.

लोखंडाची जाळी घातलेल्या सिमेंटचा इतिहासही कुंडीपाशीच जातो. जोसेफ मोनिए हा फ्रेंच माळी. मातीच्या कुंड्या फुटत, लाकडाच्या कुजत, म्हणून तो सिमेंटमध्ये लोखंडी जाळी घालून कुंड्या करू लागला आणि १८६७ मध्ये त्यानं त्याचं पेटंट घेतलं. पुढे याच रीतीनं त्यानं नळ, टाक्या आणि पूलही केले. आपण राहतो त्या आरसीसीच्या इमारती या घराण्यातल्या आहेत.

सिमेंट पर्यावरणाला महाग पडतं, असा आक्षेप कुणी घेईल. तो खरा आहे. माणसानं हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सात-आठ टक्के सिमेंटच्या उत्पादनातून येतो. म्हणून तर घाईत ओतलेली, वर्षभरात तडकणारी कुंडी मला पटत नाही. एकच करा, घरदुरुस्तीतून उरलेल्या सिमेंटची करा. गोणीत गाठी झाल्या असतील तर मात्र ते वापरू नका.

झाडही लावूनच द्या. कोरफड, अडेनियम किंवा स्नेक प्लांट या कुंडीत खुशाल वाढतात. अनंताला आम्ल माती लागते, त्याला इथं आणू नका. आणि देताना बजावून सांगा, की कुंडी गॅलरीच्या कठड्यावर ठेवायची नाही. खाली रस्त्यानं माणसं जात असतात.