खरडपट्टी नव्हे, खूणगाठ

‘लक्षात कसे राहिले नाही?’ हा आपल्याकडे क्वचितच खरा प्रश्न असतो. बहुधा तो आरोप असतो. पाठ केलेली व्याख्या विसरणाऱ्या विद्यार्थ्याची स्मरणशक्ती कमी आहे, असे आपण म्हणतो. दिलेला निरोप पोहोचवायला विसरणाऱ्याला मात्र आपण बेफिकीर ठरवतो. पहिली उणीव बुद्धीच्या खात्यावर जमा होते, दुसरी चारित्र्याच्या. स्मृतीविज्ञानाने गेल्या काही दशकांत जे दाखवून दिले आहे ते पाहता हा निवाडा घाईचा आहे. माझ्या मते, आपल्या रुग्णालयांत आणि सार्वजनिक कामकाजात तो घातकही ठरतो.

ठरवलेले काम योग्य वेळी आठवून पार पाडण्याच्या क्षमतेला भविष्यलक्षी स्मृती म्हणतात. घडून गेलेले आठवणे आणि करावयाचे आठवणे यांत एक मूलभूत फरक आहे. परीक्षेत प्रश्नपत्रिका आपल्या स्मृतीला हाक मारते. उत्तर येवो वा न येवो, काहीतरी आठवायचे आहे हे तरी ठाऊक असते. ठरवलेल्या कामाच्या बाबतीत अशी हाक कोणी मारत नाही. दुसऱ्याच कामात गुंतलेल्या मनाने स्वतःहून थांबावे आणि ‘आता ते करायचे होते’ असे स्वतःला सांगावे, अशी येथे अपेक्षा असते.

गिल्स आइन्स्टाइन आणि मार्क मॅकडॅनियल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 1990 मध्ये या स्मृतीची प्रयोगशाळेत पद्धतशीर तपासणी सुरू केली. तिचे दोन प्रकार आज सर्वमान्य आहेत. औषधाचे दुकान दिसताच गोळ्या घ्यायच्या, हा घटनेवर आधारलेला प्रकार. दुपारी चार वाजता फोन करायचा, हा वेळेवर आधारलेला. दुसरा सामान्यतः अधिक अवघड जातो, कारण दुकान डोळ्यांना दिसते, चार वाजलेले दिसत नाहीत. घड्याळाकडे पाहण्याची आठवणही आपणच ठेवावी लागते.

मेंदूत या कामाची वाटणी झालेली असते. काय करायचे हा तपशील जपण्यात हिप्पोकॅम्पसचा वाटा असतो. तर हातातले काम चालू ठेवून मनातला हेतू जागा ठेवण्याच्या वेळी कपाळामागील मेंदूच्या अगदी पुढच्या भागाची सक्रियता बदलते, असे मेंदूचित्रणातून दिसले आहे. लंडनमधील टिम शॅलिस आणि पॉल बर्जेस यांनी 1991 मध्ये मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झालेल्या तीन रुग्णांना बाजारातील काही साधी कामे करायला सांगितली. बुद्धिमत्तेच्या चाचण्यांत ते उत्तम होते. तरीही ही किरकोळ कामे त्यांच्या हातून नीट पार पडली नाहीत. हुशारी आणि ठरवलेले तडीस नेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचा याहून स्पष्ट दाखला मिळणे कठीण.

मग निरोगी माणसाचा मेंदू हे साधतो तरी कसा? मुख्यतः खुणेच्या आधाराने. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी 1999 मध्ये मांडलेला मुद्दा असा, की ‘मी रोज गोळी घेईन’ या संकल्पापेक्षा ‘सकाळचा चहा संपला की मी गोळी घेईन’ हा संकल्प कितीतरी अधिक वेळा पाळला जातो. येथे इच्छाशक्ती वाढलेली नसते. हाक मारण्याचे काम चहाच्या कपाकडे सोपवलेले असते. आपल्या आजीने पदराला मारलेली गाठ हेच करत होती. मराठीने तर या अनुभवासाठी ‘खूणगाठ’ हा नेमका शब्दच घडवला आहे.

भारतीय रेल्वेने हे तत्त्व नियमातच बसवले. एखाद्या मार्गावर गाडी वा डबे उभे असतील, तर त्या मार्गाच्या सिग्नलच्या लिव्हरवर एक कडे अडकवून ठेवायचे, अशी जुनी पद्धत आहे. मध्येच फोन वाजो किंवा दुसरी गाडी येवो, लिव्हरकडे गेलेल्या हाताला ते कडे आधी लागते. ‘कर्मचारी दक्ष असावा’ एवढे म्हणून ही व्यवस्था थांबली नाही. दक्ष माणूसही विसरेल, हे तिने गृहीत धरले. म्हणूनच मला ती शहाणपणाची वाटते.

हे शहाणपण आरोग्यव्यवस्थेत मात्र उशिरा आले. क्षयरोगाचा साधा, औषधांना दाद देणारा प्रकारही बरा व्हायला सामान्यतः सहा महिने औषध घ्यावे लागते. परंतु काही आठवड्यांतच खोकला आणि ताप ओसरतो. वैद्यकीयदृष्ट्या ही आनंदाची गोष्ट; स्मृतीच्या दृष्टीने मात्र नेमके याच वेळी संकट उभे राहते. कारण तो खोकलाच रुग्णाला रोज औषधाची आठवण देत होता. खूण गेली, पण काम महिनोन्‌महिने उरले. उपचार अर्धवट सुटण्यामागे बुडणारी मजुरी, औषधांचा त्रास, दवाखान्याचे अंतर आणि समाजाची भीतीही असते. केवळ विसर नव्हे. तरीही अशा रुग्णासाठी वर्षानुवर्षे ‘डिफॉल्टर’ हा कर्जबुडव्याला शोभणारा शब्द वापरला गेला. जागतिक आरोग्य संघटनेने 2013 मध्ये आपल्या व्याख्यांतून तो वगळला आणि ‘पाठपुराव्यातून सुटलेला’ अशा अर्थाची संज्ञा स्वीकारली. पाठपुरावा करणे हे यंत्रणेचे काम असते. म्हणजे शब्द बदलताच जबाबदारीचा पत्ताही बदलला.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा, की खुणांवर इतका विश्वास टाकावा का? उत्तर प्रदेशातील 120 सरकारी आरोग्यकेंद्रांत झालेला, 2017 मध्ये प्रसिद्ध झालेला सुरक्षित प्रसूतीच्या तपासणी-यादीचा प्रयोग येथे प्रामाणिकपणे आठवला पाहिजे. यादी आणि प्रशिक्षकांची सोबत मिळालेल्या केंद्रांत दोन महिन्यांनी आवश्यक कृतींचे पालन सुमारे 73 टक्के होते. इतर केंद्रांत 42 टक्के. प्रशिक्षकांच्या भेटी थांबल्यावर, बाराव्या महिन्यात, ते 62 टक्क्यांवर घसरले. माता व नवजात बालकांच्या मृत्यूंत मात्र लक्षणीय फरक पडला नाही. खूण आठवण करून देते. अपुरे मनुष्यबळ आणि अपुऱ्या सुविधा ती भरून काढू शकत नाही, आणि तिची निगा राखली नाही तर तीही डोळ्यांआड होते. हा खुणेच्या तत्त्वाचा पराभव नव्हे. ती तिची मर्यादा आहे.

दुसरा आक्षेप नैतिक आहे: अशाने बेजबाबदारपणाला आयते निमित्त मिळणार नाही का? मला तसे वाटत नाही. जबाबदारी येथे नाहीशी होत नाही, ती आधीच्या क्षणाकडे सरकते. विसरणे हातात नसते. पण विसर पडू शकतो हे ओळखून खूण ठेवणे हातात असते. लिव्हरला कडे न लावणारा कर्मचारी दोषी ठरेल. परंतु कडेच न पुरवणारी व्यवस्था त्याहून अधिक दोषी ठरेल. आपल्याकडील चौकशा अनेकदा ‘मानवी चूक’ या दोन शब्दांपाशी थांबतात. त्या क्षणी त्या माणसाच्या नजरेसमोर कोणती खूण होती, आणि नसेल तर ती ठेवण्याचे काम कोणाचे होते, हे प्रत्येक अहवालाने लिहिले पाहिजे.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्यापैकी काही उद्या डॉक्टर, अभियंते, प्रशासक व्हाल. आपल्या हाताखाली माणसे काम करतील आणि ती विसरतील. तेव्हा त्यांची खरडपट्टी काढणे सोपे असेल, आणि त्याने काहीच बदलणार नाही. त्यांच्या कामाच्या वाटेवर, अगदी हाताला लागेल अशी खूणगाठ बांधून ठेवणे हे आपले काम असेल.