मालक परका, विमा इथलाच

माननीय संपादक,

परदेशी मालकीच्या बँकेतली ठेव वाऱ्यावर असते, हा आपल्या अंकातील लेखाचा सूर वस्तुस्थितीला धरून नाही. अशा बँकांना इथे रिझर्व्ह बँकेचाच परवाना लागतो आणि त्यांच्या भारतातील ठेवींनाही ठेव विमा महामंडळाचे संरक्षण आहे : फेब्रुवारी २०२० पासून मुद्दल-व्याज मिळून ठेवीदारामागे ५ लाख रुपये. कोपऱ्यावरच्या विमाधारक सहकारी बँकेलाही तेवढेच.

'आपली ती आपली' म्हणणाऱ्यांनी सप्टेंबर २०१९ आठवावा. पीएमसी बँकेच्या खातेदारांना सुरुवातीला जेमतेम १,००० रुपये काढायची मुभा होती. ती बँक मुंबईची, सिंगापूरची नव्हे! उलट नोव्हेंबर २०२० मध्ये डबघाईला आलेली लक्ष्मी विलास बँक सिंगापूरच्या डीबीएसच्या भारतीय उपकंपनीत विलीन झाली, तेव्हा ठेवी शाबूत राहिल्या. हात पोळले ते भागधारकांचे.

परदेशी बँका गाशा गुंडाळतात, हे खरे. सिटी बँकेने २०२३ मध्ये इथला किरकोळ व्यवसाय विकला. पण खाती ॲक्सिस बँकेकडे गेली, पाण्यात नाही. ५ लाखांवरची रक्कम मात्र कुठल्याही झेंड्याखाली विम्याबाहेरच. त्याबद्दल लेखात अवाक्षर नाही.

– एक ठेवीदार, ठाणे